रेव, मेढा, आगर: किनाऱ्यावरच्या गावनावांच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२५, नागपूर

आज काम सुरू केले. कोकण किनाऱ्यावरची, रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंतची गावे, वाड्या, बंदरे आणि खाड्या यांची नावे देवनागरीत नीट लिहून काढायची, आणि प्रत्येक नावात पाण्याचा, जमिनीचा, झाडाचा की माणसाचा शब्द दडला आहे ते शोधायचे. भाची इंटरनेटवरच्या खुल्या, कुणालाही भर घालता येईल अशा नकाशावर नावे चढवते. तिला ही यादी तपासून हवी आहे. माझे माहेर मालवणचे. लग्न होऊन नागपुरात आले त्याला एक्केचाळीस वर्षे झाली. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर होते, नकाशावर नावे लिहिणे हाच हाताचा धंदा. त्यामुळे नाव चुकलेले दिसले की आजही बोटे शिवशिवतात.

यादी उघडली आणि पहिल्याच पानावर थांबले. ती रोमन लिपीतून यंत्राने देवनागरीत आणलेली आहे. मालवणातला मेढा तिथे 'मेधा' झाला आहे. वायरीची 'वयारी', पाटचा 'पॅट', वेंगुर्ल्याजवळच्या मठाचा 'मॅथ'. भाची म्हणाली, "मावशी, हे शुद्धलेखन मग बघू, आधी जागा बरोबर आहेत का ते बघ." मी तिला सांगितले की जागाच चुकली आहे. मेढ म्हणजे जमिनीत पुरलेला लाकडी खांब. लग्नात आपण मुहूर्तमेढ रोवतो ती हीच. मेढी पुरून केलेल्या लाकडी कोटाची जागा ती मेढा. 'मेधा' लिहिले की तो कोट गेला, खांब गेले, आणि मालवणच्या किनाऱ्यावर एक बुद्धिमान मुलगी उभी राहिली.

नागपूरकरांना हे समजावून सांगावे लागू नये. इंग्रजांनी 'सिताबुल्डी' लिहिले तरी इथे सगळे बर्डीच म्हणतात. परवा बाहेरगावचा एक पाहुणा ऑटोवाल्याला "बुल्डी, बुल्डी" म्हणत होता. ऑटोवाला म्हणाला, "दादा, बर्डी म्हना नं. बुल्डी कोनाले समजते?" बर्डी म्हणजे छोटी टेकडी. टेकडीवर किल्ला आहे, पायथ्याशी वस्ती. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून 'शीतलाबद्री' आणि त्याचे सीताबर्डी झाले, अशी गोष्ट इथे सांगतात. पण टेकडी डोळ्यांसमोर असताना मी आधी टेकडीचे ऐकते.

७ मे

पद्धत ठरवली. प्रत्येक नावाला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. वर नाव, गावातली माणसे बोलतात तसे. खाली जुन्या लेखात किंवा गॅझेटियरात ते कसे आले आहे. मागच्या बाजूला तिथली जमीन: खाडी आहे का, वाळू आहे का, कातळ आहे का. गोष्ट सगळ्यात शेवटी. गोष्टी फेकून द्यायच्या नाहीत, पण त्यांना पहिली खुर्चीही द्यायची नाही.

११ मे

मालवणच्या काकीला फोन लावला. वय नव्वदीकडे, आवाज अजून खणखणीत. यादीतली मालवण शहरातली नावे वाचून दाखवली. 'मेधा' ऐकून ती म्हणाली, "मेधा कोण गो? मेढो तो. पूर्वी थंय लाकडांचो कोट होतो, म्हणान मेढो." मी पुस्तके उघडून जे सांगितले असते ते तिने एका वाक्यात संपवले.

मग एकेक नाव घेत गेलो. भरड: उंचावरची, पाणी न ठरणारी, भरड धान्याची जमीन. गावाचा चढ चढून भरडावर आले की पायांनाच ते कळते. दांडी: समुद्रात शिरलेली वाळूची लांब पट्टी. देऊळवाड्याला अर्थ सांगायची गरज नाही. रेवतळे: इथे काकी थांबली. "रेव म्हणजे रेती गो बाय. रेतीतला तळा." लहानपणी त्या वाटेने शंभरदा गेले असेन, पण हे नाव मी कधी फोडून पाहिले नव्हते. नाव रोजचे झाले की त्यातला शब्द झोपी जातो. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती एकच चिठ्ठी हातात धरून बसले होते.

१८ मे

बाहेर ऊन फुटते आहे, कूलरमधल्या वाळ्याचा वास घरभर. आज 'रेव' धरून बसले.

रेवस, रेवदंडा, रेवतळे. रेवदंड्याची एक पौराणिक ओळख 'रेवतीक्षेत्र' अशीही देतात. पण नकाशा पाहिला की कुंडलिका खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा स्पष्ट दिसतो, आणि 'दांडा' हा शब्द सगळ्या किनाऱ्यावर आहे: आगरदांडा, मुंबईतला खारदांडा, आमची दांडी. एकटे नाव फसवते. त्याची भावंडे शेजारी आणून बसवली की खरे कळते.

आगरही असेच. गुहागर, दिवेआगर, आगरदांडा. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि आगर म्हणजे मिठाचे वाफेही. मिठागर त्यातूनच आला, आगरी समाजाचे नावही. मूळ संस्कृत 'आकर', म्हणजे खाण, साठा. 'ज्ञानाचे आगर' म्हणतो तेव्हा तोच शब्द वापरतो. दिवेआगरमधला 'दिवे' मात्र दिव्यांचा धरू नये असे माझे मत. द्वीप झिजून दीव होते, गुजरातजवळचे दीव बेट त्याची साक्ष देते.

गणपतीपुळे: पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. जुवे: खाडीने वेढलेली जमीन. मुंबईचे जुहू त्याच कुळातले. तेही पूर्वी बेटच होते. जंजिरा तर सरळ अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. त्यामुळे 'जंजिरा बेट' म्हणताना आपण बेट दोनदा म्हणतो.

२५ मे

आज मालवणची चिठ्ठी. माझ्याच गावाची, म्हणून मुद्दाम लांबवली होती.

दोन व्युत्पत्त्या लहानपणापासून ऐकत आले. एक, 'महालवण', कारण किनाऱ्यावर मीठ. दुसरी, 'माडबन', कारण माड. दोन्ही गोड आहेत आणि दोन्ही शाळेत मोठ्याने सांगितल्या आहेत.

सकाळी सासूबाई लोणच्याच्या फोडी करत होत्या. कैऱ्या रात्री पाण्यात घातलेल्या, पुसून कोरड्या केलेल्या, अडकित्त्याने कोयीसकट कापलेल्या. मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट परातीत वेगवेगळे. मीठ मुठीने घालत होत्या. मसाला कालवून एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पाय बरं, अळणी तर नाही लागून राहिलं?" फोड तोंडात असतानाच डोक्यात लख्ख झाले. लोणचे: लवण. अळणी: अलवण. आपल्या बुलढाण्याचे लोणार: लवण, खारे सरोवर, आणि गोष्टीतला लवणासुर. मराठीच्या तोंडात 'लवण' टिकत नाही, त्याचे 'लोण' होते. मग 'महालवण' झिजले तर शेवटी 'लोण' उरायला हवे होते. पुढचा 'महा' झिजून 'मा' झाला आणि मागचा 'लवण' जसाच्या तसा राहिला, हे मला पटत नाही.

माडबनाचे पाहिले. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या बाजूला माडबन नावाचे गाव आहे आणि ते आजही माडबनच आहे. त्याच किनाऱ्यावर, तीच बोली, तेच माड. मग एक माडबन राहिले आणि दुसऱ्याचे मालवण झाले ते कसे? शिवाय 'ड' झिजला तर आपल्याकडे 'ळ' होतो: गुड-गूळ, दाडिम-डाळिंब, तडाग-तळे. 'माळवण' झाले असते तर मी मान डोलावली असती.

दोन्ही चिठ्ठीच्या मागे, 'गोष्ट' या रकान्यात लिहिल्या. पुढच्या बाजूला फक्त 'मालवण'. भाचीला हे आवडले नाही. "मावशी, तुझ्याच गावाला अर्थ नाही?" मी म्हटले, न पटलेला अर्थ छापण्यापेक्षा नाव नुसते नीट छापू.

(लोणच्यात मीठ एक मूठ वाढवले.)

१ जून

झाडे भराभर उरकली. पोफळीत पोफळ, फणसगावात फणस, केळशीत केळ, माडबनात माड. आमच्याकडे हिवऱ्यात हिवर, मोहप्यात मोह, उमरखेडात उंबर. विदर्भात उंबराला 'उमर' म्हणतात. मुंबईतल्या उमरखाडीतही तेच झाड आहे आणि तिथे त्याला शेजार खाडीचा आहे.

पल्लीने मात्र आनंद दिला. कणकवली, बोरिवली, डोंबिवली यांतला 'वली' म्हणजे संस्कृत 'पल्ली', छोटी वस्ती. किनाऱ्याकडे तो झिजून गुळगुळीत झाला. आणि आपल्या गडचिरोलीत, तेलुगूच्या शेजारी, तो शब्द न झिजता उभा आहे: एटापल्ली, आलापल्ली. कणकवलीची चिठ्ठी लिहिताना बाजूला एटापल्ली लिहून ठेवले. किनाऱ्याच्या नावाचे जुने रूप पहायला मला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले.

८ जून

वेळास, वेळणेश्वर. वेळणेश्वराबद्दल भाविक सांगतात की नवसाला वेळ न लावता पावणारा तो वेळणेश्वर. श्रद्धा म्हणून हे सुंदर आहे. पण संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राचा काठ, भरतीची मर्यादा. दोन्ही गावे अगदी काठावरची. कोळ्यांची होडी निघते ती भरती-ओहोटी पाहून, त्यामुळे काठ आणि काळ या दोन्हींना एकच शब्द असणे मला अगदी साहजिक वाटते. आपण दिवसभर "वेळ नाही, वेळ नाही" म्हणतो, त्या शब्दाला किनारा आहे.

१५ जून

या महिनाभरातला सर्वांत मोठा दिवस.

बर्डीवर वाचनालयात गेले होते. शिलाहारांच्या, म्हणजे कोकणावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या, लेखांचा खंड मागवला: 'कॉर्पस' या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेचा सहावा खंड, १९७७ चा, संपादक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. मिराशी नागपूरचे म्हणून सगळ्यांना माहीत. विदर्भातल्या जुन्या वाकाटक राजांचे लेख त्यांनी लावले. पण ते मूळचे देवगड तालुक्यातल्या कुवळे गावचे, जन्म १८९३. किनाऱ्यावरचा माणूस नागपुरात आला आणि इथे राहून त्याने उत्तर कोकणाचे, दक्षिण कोकणाचे ताम्रपट वाचले. पुस्तक हातात घेताना छाती भरून आली.

आधी खारेपाटण. तिथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा. पाटण म्हणजे पत्तन, नगर, बंदराचे गाव. खारे, कारण भरतीचे पाणी खाडीतून तिथवर चढायचे. आज खारेपाटण महामार्गावरचे आत वसलेले गाव आहे, समुद्र तिथून दिसत नाही. बंदर गेले तरी नावात पत्तन राहिले. आपल्या सावनेर तालुक्यातल्या पाटणसावंगीतही तेच पत्तन आहे, समुद्राशिवायचे.

मग त्याच खारेपाटणला सापडलेला दुसरा ताम्रपट, शिलाहार अनंतदेवाचा, शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४. राजाने आपल्या दोघा अमात्य भावांच्या जहाजांना जकात माफ केली आहे आणि कोणकोणत्या बंदरांत माफ ते सांगितले आहे. श्रीस्थानक, म्हणजे ठाणे. शूर्पारक, म्हणजे सोपारा, जिथे अशोकाच्या लेखाचा तुकडा मिळाला. चेमूल्य, म्हणजे चौल. आणि या रांगेत, ठाण्याच्या लगेच पुढे: नागपुर.

पुन्हा वाचले. पुन्हा वाचले. बोट अक्षरावर ठेवून वाचले. किनाऱ्यावरचे एक नागपूर, जिथे गलबते लागत होती, जिथे जकात घेत होते.

हे नागपूर म्हणजे आजचे रायगडातले नागोठणे, असे जुने अभ्यासक सुचवतात. अलिबागजवळच्या नागावचाही विचार होऊ शकतो. माझा कल नागोठण्याकडे आहे. नागाव चौलच्या अगदी जवळ, आणि चौलचे नाव यादीत वेगळे आहेच. इतक्या जवळ दुसरी जकात कशाला? नागोठणे अंबा नदीवर, भरतीचे पाणी जिथवर चढते तिथे. माल होडीतून उतरवून घाटाकडे न्यायला सोयीचे. नदीचे नाव अंबा हे लिहिताना नागपूरच्या तलावाची, अंबाझरीची, आठवण झाली, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, ते तिथेच सोडले.

घरी येऊन यांना सांगितले. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "म्हणजे तू मालवणहून निघालीस ती एका नागपूरहून दुसऱ्या नागपूरलाच आलीस म्हण."

२२ जून

मग आपल्या नागपुराचे काय? किनाऱ्याच्या प्रकल्पात हे बसत नाही, पण आता न पाहता पुढे जाववेना.

देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ मध्ये राजापूर बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून शहर वसवले, हे शाळेत शिकलेले. हे देवगड सातपुड्यातले, मिराशींच्या माहेरचे नव्हे; नावे अशी जोडीने भेटत राहतात. सक्करदरा, फुटाळा, भानखेडा, लेंढरा ही त्या खेड्यांतली नावे शहराच्या पोटात अजून चालतात. पण नाव १७०२ चे नाही. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेल्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या ताम्रपटात, शके ८६२, इ. स. ९४० मध्ये, 'नागपुर-नंदिवर्धन' असा विभाग आला आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, वाकाटकांची राजधानी. 'नगर' आणि 'धन' ऐकू येते, पण नावात ना नगर आहे ना धन. नंदिवर्धन झिजून लोकांच्या ओळखीच्या दोन शब्दांत जाऊन बसले. मालवणच्या माडबनाचेही असेच झाले असेल: आधी नाव, मग ओळखीचा शब्द.

संध्याकाळी नाग नदीच्या पुलावर उभी राहिले. शेजारी भाजी घेणारी बाई म्हणाली, "नाल्याचा वास येऊन राहिला." नदीला नाला म्हणायची इथे सवय झाली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडली आणि ही नदी लोकांच्या घरांत शिरली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात पलंगापर्यंत पाणी होते. त्या वस्तीच्या नावात 'लेआउट' आहे, झरी नाही, नदी नाही. घर घेताना नावाने त्यांना काहीच सांगितले नव्हते. याचा मला अजून राग येतो.

२९ जून

परके शब्द आणि उरलेली नावे. बंदर फारसी. मांडवी, मालाची जकात घेण्याची जागा, रत्नागिरीलाही, मुंबईलाही. अलिबाग: अली नावाच्या श्रीमंत बेने इस्रायली गृहस्थाच्या बागा आणि विहिरींवरून, अशी परंपरा. मुंबई आमच्या यादीत नाही, तरी पायधुणीची चिठ्ठी स्वतःसाठी केली: खाडीचे उथळ पाणी ओलांडून लोक बेटावर येत आणि पाय धुऊन पुढे जात. आता तिथे पाणी नाही, गर्दी आहे, आणि पाय धुण्याची कृती नावात राहिली आहे.

६ जुलै

काकीचा फोन. तिच्या ओळखीच्या एका वाडीच्या पुळणीला कुणीतरी इंग्रजी नाव देऊन पाटी लावली आहे, आणि पर्यटकांच्या फोनवर आता तेच नाव येते. "माका कोणी इचारल्यान तर मी काय सांगू? ह्या नाव माका ठावकच नाय." नकाशात जे नाव आधी चढते ते टिकते. भाचीने त्याच रात्री पुळणीचे जुने नाव देवनागरीत चढवले, काकीच्या उच्चाराप्रमाणे, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा विचारून.

१३ जुलै

पहिली खेप पूर्ण. मेधा पुसून मेढा केला. वयारी, पॅट, मॅथ दुरुस्त. रेवतळे, भरड, दांडी यांच्या अर्थांसह नोंदी गेल्या. भाचीने पडद्यावर मालवण मोठे करून दाखवले. मेढा जिथे आहे तिथे 'मेढा' लिहिलेले होते. काकीला त्याचे छायाचित्र पाठवले. तिने उलट फोन करून फक्त विचारले, "आणि रेवतळ्याचो 'ळ' नीट आसा मां?" नीट होता.

चिठ्ठ्या अकारविल्हे लावताना एक उरली: 'नागपुर, शके १०१६, बंदर'. थोडा वेळ हातात धरली, आणि किनाऱ्याच्या पेटीत, नागाव आणि नागोठणे यांच्या मध्ये ठेवली.